लढताना चेहरा कोरा का पडतो: वूश्यापटातला अभिनय आणि कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा: बारा मिनिटांचा, चिनी वूश्यापटाच्या धाटणीचा लघुपट करायचा आहे. दोन्ही नट वूशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकलेले, पोशाख नीट, लढत तोंडपाठ. तरी चित्रित केलेलं बघितलं की कवायत वाटते. हत्यार चालू झालं की चेहरे कोरे पडतात, आणि ‘चेहऱ्याकडे लक्ष द्या’ म्हटलं की हातातलं चुकतं. नटाला नेमकं काय सांगायचं आणि कॅमेरा कुठे ठेवायचा?

नटांना पुढचा वार कुठला हे पाठ आहे, पण समोरच्यापासून आपण काय लपवतोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. खोट तिथे आहे. वूश्या हा मुळात लपवाछपवीचा खेळ. ‘वू’ म्हणजे शस्त्रविद्या, ‘श्या’ म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा भटका वीर. हे लोक ज्या जगात वावरतात त्याला ‘ज्यांगहू’ म्हणतात, शब्दशः ‘नद्या-तलाव’: दरबार आणि कायदा यांच्या पलीकडचा, गुरू, गुरुबंधू आणि शपथेचे भाऊ यांच्या नात्यांवर चालणारा मुलूख. तिथे आपल्याला येतं ते सगळं पहिल्याच भेटीत दाखवणारा फार दिवस टिकत नाही. १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मध्ये नायिका पुरुषवेशात सरायीत येते. २००० च्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधली जेन दिवसा बड्या अधिकाऱ्याची मुलगी आणि रात्री तोंड बांधून तलवार चोरणारी. २०१८ च्या ‘शॅडो’चं कथानकच सेनापतीच्या तोतयावर उभं आहे. कुणी नाव झाकतं, कुणी जखम, कुणी प्रेम, कुणी स्वतःचं कसब. लढत म्हणजे हे झाकण सरकण्याची जागा.

म्हणून तालमीच्या आधी प्रत्येक नटासाठी दोन ओळी लिहा. पहिली: या लढतीत मी काय झाकतोय. दुसरी: ते कितव्या वाराला उघडं पडतं. उदाहरणार्थ, ‘उजवा खांदा दुखावलाय, सातव्या वाराला, भाला डोक्यावर नेताना.’ किंवा ‘मीही हिच्याच गुरूकडे शिकलोय, अकराव्या वाराला सवयीने तोच बचाव हातून होतो.’ दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर लढत पटकथेतच कच्ची आहे, लढत बसवणाऱ्याला बोल लावू नका. ‘चिडून लढ’, ‘दुःख दिसू दे’ अशा सूचनांनी फक्त भुवया हलतात. ‘खांदा कळू द्यायचा नाही’ एवढंच सांगितलं की नट वजन डाव्या पायावर घेतो, मान आखडते, श्वास तुटतो, आणि हे सगळं न सांगता होतं. वूशूच्या स्पर्धेतून आलेल्या मुलांना ही सूचना विशेष लागते. स्पर्धेत हालचाल पूर्ण आणि स्वच्छ केल्याचे गुण मिळतात, त्यामुळे अर्ध्यात सोडलेला वार त्यांच्या अंगात बसत नाही. वूश्यातला निम्मा अभिनय मात्र अर्ध्यात सोडलेल्या वारांत असतो.

‘क्राउचिंग टायगर’मधली तालीमखान्यातली लढत शॉट थांबवत बघा. जेनच्या हातात ग्रीन डेस्टिनी ही तलवार आहे, समोर येईल ते हत्यार छाटणारी. शू ल्येन, म्हणजे मिशेल यो, मांडणीवरचं एकेक हत्यार उचलते: भाला, आकड्यांच्या जोडतलवारी, आणखी काही. तिची विद्या वरचढ, जेनचं पोलाद वरचढ. मध्येच ती एक भलाजड लोखंडी सोटा उचलायला जाते आणि त्याच्याच वजनाने कोलमडते. प्रेक्षक हसतो, पण त्या क्षणात तिचा थकवाही दिसतो आणि हट्टही. शेवटी हातात उरलेलं तुटकं पातं ती जेनच्या गळ्याशी आणून थांबवते. मारू शकते, मारत नाही. त्या थांबण्याचाच फायदा घेऊन जेन तिच्या दंडावर वार करते. एकीची माया निसटली, दुसरीचा उद्दामपणा. दोन्ही हत्यारांतूनच कळलं. याची तयारी फार आधी झालेली आहे. जेन कुंचल्याने शू ल्येनचं नाव लिहिते आणि अक्षर नि तलवार यांच्यातल्या साम्याचा विषय निघतो, तेव्हाच आपण तिचं मनगट पाहिलेलं असतं. तुमच्याकडे बाराच मिनिटं आहेत, तरी लढतीआधी नटाचे हात एखाद्या साध्या कामात दाखवायला एक शॉट राखून ठेवा: चहा ओतणं, गाठ सोडणं, दिव्याची वात सारणं. पुढे तेच मनगट तलवार फिरवताना ओळखीचं वाटतं.

आता थांब्यांविषयी, कारण कवायतीचं खरं औषध तिथे आहे. पेकिंग ऑपेरात, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीत नाट्यात, गाणं, बोलणं, अभिनय आणि लढाई ही चार कसबं एकाच नटाला शिकावी लागतात. तिथे हालचालींचा झोत संपला की तालवाद्याच्या ठोक्यावर नट क्षणभर गोठतो, आणि सगळी व्यक्तिरेखा त्या ठेवणीत दिसते. याला ‘ल्यांगश्यांग’ म्हणतात. आपल्याकडे गायक समेवर येतो ती जागा. किंग हू या दिग्दर्शकाने हे पडद्यावर आणलं. त्याच्या लढती बसवणारा हान यिंगज्ये ऑपेराच्या तालमीतूनच आलेला होता. तुमच्या लढतीचे चार ते सहा हालचालींचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी १२ ते २० फ्रेमचा थांबा ठेवा, म्हणजे अर्ध्या सेकंदापासून पाऊण-एक सेकंदापर्यंत. त्याहून लांबलं तर रंगमंच वाटतो, कमी पडलं तर डोळ्याला काही पकडता येत नाही. वीस सेकंदांच्या लढतीत असे तीन थांबे पुरे. थांब्यात हत्यार स्थिर. डोळे आणि श्वास चालू.

इथे ठरलेली चूक अशी: थांबा आला की नट खांदे सैल सोडतो आणि पुढच्या मात्रेची वाट बघतो. क्लोजअपमध्ये ओठ हलताना दिसतात, कारण तो मनात एक-दोन-तीन मोजतोय. मोजणं बंद करायला सांगून उपयोग नाही, मोजायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. अर्ध्या वेगाने तालीम घ्या आणि प्रत्येक वाराबरोबर नटाला मोठ्याने बोलायला लावा: ‘लांब राहा’, ‘हे कुठे शिकलास?’, ‘आता बस’. चार-पाच फेऱ्यांनंतर आवाज बंद करा, वाक्यं मनात ठेवा, मग वेग वाढवा. चेहरा कोरा राहत नाही, कारण आकड्याच्या जागी बोलणं आलेलं असतं. पूर्ण वेग सगळ्यात शेवटी. पाऊण वेगाला जे अजून चुकतंय, ते पूर्ण वेगाला जखम करतं.

नजर. नवखा स्वतःच्या पात्याकडे बघतो, मुरलेला समोरच्याच्या छाती-खांद्याकडे. हा फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता येत नाही, पण कळतो. म्हणून गुरू-शिष्याच्या लढतीत शिष्याला आपल्या पात्याकडे दोनदा बघू द्या, गुरूला एकदाही नाही. वाराच्या आधी नजर लक्ष्याकडे जाते ती चार-सहा फ्रेम आधी. त्याहून आधी गेली तर वार ‘सांगून’ मारल्यासारखा दिसतो. पात्र उर्मट किंवा कोवळं असेल तर हीच चूक मुद्दाम ठेवा. आणि प्रत्येक तुकडा सुरू होण्यापूर्वी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे. ती सुरक्षिततेची खूण आहे, आणि तिथेच पहिला अभिनय सापडतो. नजर मिळाल्याशिवाय कुणीही हत्यार उचलायचं नाही, टेक वाया गेला तरी चालेल.

श्वासाचं गणित सोपं, पण विसरलं जातं. लढत संपल्यावर कोणाला धाप लागली आहे यावरून प्रेक्षक दोघांच्या कसबाची उंची ठरवतो. दोघेही सारखेच धापा टाकत असतील तर मघाची सगळी मेहनत सपाट झाली. चिनी पोशाखी मालिकांत बहुतेक संवाद नंतर डब होतात, श्वासही. तुम्हीही डब करणार असाल तर श्वासांचा वेगळा ट्रॅक घ्या आणि नटाला उभ्याने, हातात काठी धरून रेकॉर्ड करा. खुर्चीत बसून घेतलेला श्वास पोटातून येत नाही.

हत्यारांबद्दल. ‘ज्यान’ म्हणजे सरळ, दोन धारांची तलवार, मनगटाने आणि टोकाने बोलणारी. ‘दाओ’ एका धारेची, खांद्या-कमरेतून चालणारी. संयमी पात्राच्या हातात ज्यान आणि उघड स्वभावाच्या हातात दाओ हा जुना संकेत आहे, मोडला तरी हरकत नाही, पण माहीत असून मोडा. स्पर्धेतली पातळ, लवचीक तलवार वापरू नका: क्लोजअपमध्ये ती पत्र्यासारखी थरथरते आणि वजनाचा सगळा आभास जातो. प्रत्येक हत्याराच्या तीन प्रती लागतात. जवळच्या शॉटला धातूची, बोथट, लढायला अॅल्युमिनियमची किंवा बांबूवर रंग दिलेली, पडण्या-आपटण्याला रबराची. नटाने तालमीत धातूची जड प्रत निदान दोन दिवस हाताळलेली असावी, म्हणजे पुढे हलकी प्रत हातात आली तरी अंग वजन विसरत नाही.

मराठी ऐतिहासिक चित्रपटांसाठी हेच तंत्र उचलायचा मोह होतो, तेव्हा एक ध्यानात ठेवा. दांडपट्ट्याचं पातं हातावरच्या लोखंडी खोबळ्याला पक्कं असतं, मनगट बांधलं जातं. ज्यानच्या लढतीत मनगट जे बोलतं ते पट्ट्यात कोपर, खांदा आणि पायांची फेक बोलते. वूश्याची मनगटी नजाकत पट्ट्यावर चढवली की दोन्हीचं हसं होतं.

पोशाखात लोक रंगावर खर्च करतात आणि कापडाच्या वागण्याकडे दुर्लक्ष करतात. रुंद बाही हाताच्या मागून काही फ्रेमनी येते, आणि तो उशीरच सुंदर दिसतो. ऑपेरातल्या लांब पांढऱ्या ‘पाण्याच्या बाह्या’ याच उशिरावर जगतात. स्वस्त पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि उशीर खाऊन टाकतं. ते टाळता येत नसेल तर आतून सुती अस्तर लावा आणि घेराच्या दुमडीत बारीक साखळी किंवा वजनाची पट्टी शिवा. लढतीची प्रत वेगळी: घेर पाच-सात सेंटीमीटर आखूड, काखेत कळी, मांडीपर्यंत चीर. प्रत्येक मुख्य पात्राला किमान तीन जोड: स्वच्छ, तारेला लटकवायच्या पट्ट्यासाठी (हार्नेस) फटी ठेवलेला, रक्ताचा. आणि हान पद्धतीचा पोशाख असेल तर गळपट्टीची डावी बाजू उजवीवर आली पाहिजे. उलटी नेसवतात ती प्रेताला. हाताची सलामीही तशीच: पुरुष उजव्या हाताची मूठ करतो आणि डावा तळवा त्यावर ठेवतो, उलटं केलं तर ती शोकाची खूण. चुका बारीक आहेत, पण चिनी प्रेक्षक त्यापुढे तुमची लढत बघतच नाही.

ही सलामी अभिनयाची मोठी जागा आहे. मूठ किती उंच, कंबर किती वाकली, आधी कोण सरळ झालं, एवढ्यात दोन पात्रांचं नातं मांडून होतं. झाकलेलं पात्र सलामीत अर्ध्या क्षणाने उशीर करतं. अशी बारीक सवय किती दूर नेता येते ते बघायचं तर २०१५ ची ‘निर्वाणा इन फायर’ ही मालिका बघा. ५४ भाग, आणि नायक मेई चांगसू जवळजवळ लढतच नाही. एकेकाळचा तरुण सेनानी, आता ओळख बदलून आलेला आजारी मुत्सद्दी, कायम गरम कपड्यांत गुंडाळलेला. विचारात पडला की त्याची बोटं कपड्याची कड चोळतात. चेहरा बदलला, नाव बदललं, बोटं बदलली नाहीत. हू ग या नटाने ती सवय कुठेही मोठी केलेली नाही, म्हणून ती शेवटपर्यंत पुरते. तुमच्या पात्राला अशी एकच सवय द्या. दोन दिल्या तर वेडेचाळे होतात.

कॅमेरा. पूर्ण शरीर दिसणारा रुंद शॉट हा लढतीचा कणा समजा, पाय फ्रेममध्येच. कोण मागे सरकतंय हे पाय सांगतात, आणि मागे सरकणं हाच निम्मा संवाद. ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स इथे बरी पडते. वार ‘लागलेला’ दाखवायला ८५ किंवा त्याहून लांब लेन्स, आणि वाराची दिशा शक्यतो लेन्सच्या रेषेत. पातं प्रत्यक्षात अंगापासून २०-३० सेंटीमीटर बाहेरून जातं, लांब लेन्स ते अंतर गिळते. हाच शॉट बाजूने रुंद लेन्सने घेतला की पोकळी उघडी पडते, आणि मग दिग्दर्शक नटाला ‘अजून जवळून मार’ म्हणतो. अपघाताची सुरुवात तिथून होते. लेन्स बदला, नटाला पुढे ढकलू नका.

किंग हूने उलटा मार्गही दाखवला. ‘अ टच ऑफ झेन’मधली बांबूच्या बनातली लढत बघा, १९७५ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला तांत्रिक कामगिरीचा मोठा पुरस्कार मिळाला. उडी पूर्ण दिसतच नाही. जमीन सोडणारा पाय, हवेतलं अंग, वरून सूर मारून खाली येणारी आकृती, सगळे तुकडे काही फ्रेमचे. लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवर केलेल्या उड्या यात खपून जातात. डोळा म्हणतो, काहीतरी अचाट झालं, पण नीट पकडता आलं नाही. पात्राचं कसब आपल्या नजरेपेक्षा वेगवान आहे हा अर्थ संकलनातूनच येतो. गरीब निर्मात्याला हे वरदान आहे, अट एकच: तुकड्यांच्या आधी आणि नंतर चेहऱ्याचा स्थिर शॉट हवा, निदान दोन सेकंदांचा. तो नसेल तर वेग न दिसता गोंधळ दिसतो.

वेगाशी खेळताना आकडे लक्षात ठेवा. सेकंदाला २२ फ्रेमने चित्रण करून २४ ने दाखवलं तर हालचाल साधारण ९ टक्के वेगवान होते, २० ने केलं तर २० टक्के. २२ पर्यंत सहसा कळत नाही. २० ला चेहरा कॅमेऱ्यापासून लांब ठेवा, कारण पापण्या, ओठ आणि पडणारी धूळ चुगली करतात. बोलताना वेग कधीच वाढवू नका. स्लो मोशनमध्ये उलटा धोका: ९६ फ्रेमने घेतलं की वेळ चौपट होतो, पाव सेकंदाची पापणी पूर्ण सेकंद मिटलेली दिसते आणि अर्थ होतो ‘शरण गेला’. स्लो मोशनच्या शॉटला नटाला पापणी न मिटण्याची सूचना द्या, आणि चेहऱ्यावरचा बदल नेहमीपेक्षा झटक्यात करायला सांगा. ताणला गेल्यावर तो बरोबर बसतो.

तारेवरच्या उड्यांविषयी थोडक्यातच, कारण तारा बांधून सांभाळणारा प्रशिक्षित रिगर नसेल तर हा विषय बंद. चिनी युनिटमध्ये तारेला ‘वेया’ म्हणतात, इंग्रजी ‘वायर’चंच रूप. लटकलेल्या नटाच्या मानेच्या शिरा ताणतात आणि पाय पोत्यासारखे लोंबतात. म्हणून हवेतला चेहरा जमिनीवरच घ्या: नट चौथऱ्यावर, मागे हलणारी फांदी, बाजूला पंखा. उतरणं ४० सेंटीमीटरच्या खोक्यावरून खरी उडी मारून घ्या. गुडघ्यात पेललेलं वजन खरं असलं की आधीची तार प्रेक्षक माफ करतो.

रंगांबद्दल माझं मत जरा कडू आहे. २००२ च्या ‘हिरो’ने एकच हकीकत लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांत वेगवेगळी सांगितली, आणि तेव्हापासून प्रत्येक नवशिक्याला एकरंगी कपडे हवे असतात. तिथे रंग म्हणजे सांगणाऱ्याची बाजू; रंग बदलला की तीच माणसं वेगळी वागतात, नट वेगळा अभिनय करतात. वागणं बदलणार नसेल तर रंग बदलू नका. ‘शॅडो’मध्ये कपडे, नेपथ्य, पाऊस सगळं शाईच्या करड्या छटांत आहे, चित्रण मात्र रंगीतच, त्यामुळे त्वचा आणि रक्त तेवढं जिवंत दिसतं. देंग चाओने त्यात आजारी सेनापती आणि त्याचा तोतया अशा दोन्ही भूमिका केल्या, आणि सेनापतीसाठी वजन भरपूर उतरवलं. करड्या फ्रेममध्ये दोघांना वेगळं करायला त्याचं शरीरच उरतं.

शेवटी चाचणी. लढतीचं कच्चं संकलन आवाज बंद करून, कथा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा: यातला कोण काय लपवतोय, आणि तुम्हाला ते कधी कळलं? पहिल्याचं उत्तर आलं आणि दुसऱ्याचं नाही, तर त्या वाराच्या आधीचा थांबा आठ-दहा फ्रेमनी वाढवून बघा. पहिल्याचंच आलं नाही, तर संकलनाच्या टेबलावर काही सुधारणार नाही. नटांच्या त्या दोन ओळी काढा, पुन्हा लिहा, आणि फक्त थांब्यांचे क्लोजअप एका दुपारी परत घ्या. पोशाख आणि केसांची ठेवण जुळवायला प्रत्येक थांब्याचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवलेला असेल तर हे तीन तासांत होतं.